थ्रिलरमध्ये प्रेक्षकाला कधी आणि किती सांगायचं? (केबिनच्या प्रसंगात अडकलोय)

अर्धी_पटकथा

१८ मिनिटांचा लघुपट, पटकथा १७ पानांची. पाचव्या ते आठव्या पानावरचा मुख्य प्रसंग प्रत्येक वाचनात सपाट पडतोय. प्रसंग असा:

रात्र. ऑफिस रिकामं. रेवा साहेबांच्या केबिनमध्ये शिरते, कुंडीखालची किल्ली काढते, ड्रॉवर उघडते, एका फाइलमधल्या पानांचे मोबाइलवर फोटो काढते. अचानक दार उघडतं. साहेब! रेवा टेबलाखाली. साहेब टेबलावर विसरलेला चष्मा उचलतात आणि जातात. शेवटच्या पानावर कळतं की पैशांचा घोटाळा साहेबांनी केलेलाच नाही, तो रेवाचा आहे. त्या रात्री ती स्वतःविरुद्धचा पुरावा नाहीसा करत होती.

प्रश्न चार. दार अचानक उघडण्याचा धक्का ठेवू, की साहेब येतायत हे आधीच दाखवू? दिग्दर्शक हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्ब माहीत आहे, पण तो इथे लावला तर धक्का हातचा जातो. दुसरं, हा प्रसंग किती ताणता येईल? तिसरं, शेवट ऐकून दोघं म्हणाले, "ही फसवणूक आहे." मग धागे किती पेरायचे? आणि संगीत कुठे सुरू करायचं? शॉटच्या पातळीवर बोललात तर उपयोग होईल.

---

कात्री_आणि_डिंक

धक्का जाईल म्हणून हळहळू नका, तो फार तर दोन सेकंदांचा आहे. दार उघडलं, दचकलो, संपलं. त्यानंतर टेबलाखालचं अख्खं पान तुम्ही त्या दोन सेकंदांच्या उधारीवर चालवताय. प्रसंग सपाट पडतो तो तिथे.

बॉम्बचं उदाहरण सगळे अर्धंच सांगतात. १९६२च्या मुलाखतींत हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्र्यूफोला मांडलेला हिशेब असा: बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, आधी दाखवला तर १५ मिनिटांची उत्कंठा. पण त्याच उदाहरणात भिंतीवर घड्याळ आहे. बॉम्ब एक वाजता फुटणार हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, घड्याळात पाऊण वाजलाय, आणि टेबलाशी बसलेली माणसं निवांत गप्पा मारतायत. म्हणजे प्रेक्षकाच्या हातात तीन गोष्टी दिल्यात: धोका कोणता, तो कधी येणार, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना कळलेलं नाही. "साहेब येतायत" एवढंच दाखवलंत तर तिनातली एकच हाती लागते.

तुमच्याकडे सोनं आहे ते चष्म्यात. सध्या तो प्रसंगाच्या शेवटी खुलासा म्हणून येतो: साहेब का आले, तर चष्मा विसरले होते. तो उचलून सुरुवातीला ठेवा.

साहेब निघतात, दिवा बंद करतात, चष्मा टेबलावरच. इन्सर्ट (फक्त त्या वस्तूचा जवळचा शॉट) दीड-दोन सेकंदांचा, त्याहून एक फ्रेम जास्त नको, नाहीतर बोट दाखवल्यासारखं होतं. मग रेवा येते, फाइल काढते आणि टेबलावर ठेवते ती नेमकी चष्म्यावर. तिच्या लक्षात येत नाही. कट न करता हे एकाच शॉटमध्ये हवं, चष्मा फाइलखाली जाताना दिसला पाहिजे. मग खाली पार्किंग: साहेब गाडीत बसलेत, मोबाइलवर मेसेज येतो, ते फोन हातभर लांब धरतात, खिसा चाचपतात, वर चौथ्या मजल्याकडे बघतात.

आता परत रेवा. आणि इथे हमखास होणारी चूक: दिग्दर्शकाला घाई झालेली असते म्हणून नटीही घाई करू लागते. तिला काहीच माहीत नाही! तिची गती तीच राहिली पाहिजे, उलट पानावरची एखादी ओळ तिने बोट फिरवत दोनदा वाचावी. प्रेक्षक खुर्चीतून "आटप ना बाई" म्हणतो ते तिच्या संथपणामुळे.

लिफ्टचे आकडे दाखवायचे तर तीनदाच. पहिल्यांदा १, दुसऱ्यांदा ३, तिसऱ्यांदा लिफ्टचं दार उघडं आणि आत कुणी नाही. साहेब नक्की कुठे आहेत ते त्या रिकाम्या लिफ्टनंतर आपल्याला माहीत नसतं. पार्किंगपासून केबिनपर्यंत खऱ्या वेळेत दोन मिनिटं लागतील. दोन ठिकाणांमध्ये कट करत पडद्यावर तीन मिनिटं खुशाल घ्या, कुणी मोजत नाही. फक्त खरं घड्याळ फ्रेममध्ये ठेवू नका, ते तुमची चोरी पकडतं.

घड्याळ न दाखवता घड्याळ कसं चालवायचं ते 'नटोरियस'मध्ये (१९४६) बघा. पार्टीत कॅमेरा वरून उतरत उतरत इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या तळघराच्या किल्लीवर येतो, त्याची वाहवा सगळे करतात. माझ्या मते त्या प्रसंगाचं इंजिन मात्र शॅम्पेन आहे. बाटल्या संपत चालल्यात. संपल्या की यजमान आणखी आणायला तळघरात उतरणार, आणि तिथे बर्गमन आणि कॅरी ग्रांट आहेत. उरलेल्या बाटल्या हेच घड्याळ.

आणखी एक, कंटाळवाणं पण अटळ काम: धोका सुरू होण्याआधी केबिनचा एक वाइड शॉट, चार-पाच सेकंद. दार कुठे, टेबल कुठे, कुंडी कुठे, टेबलाला पुढून फळी आहे की मोकळं. हा नकाशा डोक्यात नसेल तर नंतरचे सगळे क्लोजअप म्हणजे नुसते घामाचे थेंब.

---

घुबड

वरचं बहुतेक पटलं. पार्किंगचा कट मात्र नाही.

बाकीची पानं रेवाच्या सोबतीने चालतात असं दिसतंय. ती नसलेल्या जागी कॅमेरा एकदाच जातो, आणि तोही नेमका लेखकाला गरज पडली तेव्हा. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण लेखकाचा हात दिसतो. 'रिअर विंडो' (१९५४) जवळजवळ पूर्ण नायक जेफच्या खोलीतून दिसतो. जेफ झोपलेला असताना समोरचा सेल्समन एका बाईबरोबर बाहेर पडतो, हे आपल्याला दिसतं आणि त्याला नाही. शिस्त मोडलीय ती अशी मोजून, आणि ती एक गोष्ट आपल्या मनात पुढे कितीतरी वेळ कुरतडत राहते. सेल्समनने बायकोचा खून केला हा जेफचा संशय खरा की खोटा याचा पेच तिने आणखी घट्ट होतो. तुमचा पार्किंगचा कट एवढं काम करत नाही, तो फक्त निरोप पोचवतो.

कट न करता तोच निरोप देता येईल. केबिनला काचेची भिंत द्या, बाहेर कॉरिडॉर, आणि कॉरिडॉरमध्ये माणूस चालला की आपोआप लागणारे दिवे. पुढे रेवा फाइलवर वाकलेली, पाठ काचेकडे. मागे लांबवरचा दिवा लागतो. मग मधला. मग जवळचा. एक फ्रेम, एकही कट नाही, आणि बॉम्बच्या तिन्ही गोष्टी आत आल्या: धोका आहे, तो जवळ येतोय, तिला पत्ता नाही. सेन्सर लागत नाहीत, तीन दिवे आणि स्विचवर एक माणूस पुरतो. दोन दिव्यांमध्ये चालण्याच्या वेगाचं अंतर ठेवा, चार-पाच सेकंद. तालीम करताना प्रत्यक्ष माणूस चालवून ते मोजा, अंदाजाने केलं की दिवे डिस्कोसारखे लागतात.

लेन्स २८ किंवा ३५ मिलिमीटर. अॅपर्चर (लेन्सचं प्रकाश घेणारं भोक) एफ २ वर, म्हणजे बरंच उघडं ठेवलंत तर मागे नुसते प्रकाशाचे गोळे दिसतील. पहिल्या दोन दिव्यांना ते चालेल, तिसऱ्याला साहेबांची आकृती ओळखू आली पाहिजे. एफ ५.६च्या आसपास जा आणि त्यासाठी केबिनमध्ये टेबललॅम्प असण्याचं कारण लिहा. दोन्ही अंतरं कडक फोकसमध्ये हवी असतील तर स्प्लिट डायॉप्टर: लेन्सपुढे अर्धीच काच, अर्धी फ्रेम जवळचं दाखवते, अर्धी लांबचं. ब्रायन डी पाल्माने 'ब्लो आउट'मध्ये (१९८१) एका बाजूला घुबड आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅव्होल्टा असा शॉट घेतलाय (माझ्या नावाचा संबंध नाही). दोन अर्धांची शिवण काळ्या उभ्या पट्टीवर आणायची, दाराची चौकट किंवा खांब. शिवण चेहऱ्यावरून किंवा टेबलाच्या कडेवरून गेली तर पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं, आणि नट एक पाऊल सरकला तरी शॉट वाया.

राहिला धक्क्याचा मुद्दा. हिचकॉकने त्याच मुलाखतीत अपवादही सांगितला होता: अनपेक्षित वळण हाच कथेचा कळस असेल तेव्हा प्रेक्षकाला आधी सांगायचं नाही. तुमचा कळस शेवटच्या पानावर आहे, केबिनच्या दारात नाही. म्हणजे दार सांगून टाका, शेवट राखा.

आणि ताणलेली उत्कंठा सोडवायचीही असते. 'सॅबोटाज'मध्ये (१९३६) लहान मुलगा नकळत बॉम्ब घेऊन गावभर रेंगाळतो, पाऊण तास नव्हे पण पुरता जीव टांगणीला लागतो, आणि बॉम्ब खरंच बसमध्ये फुटतो. प्रेक्षक चिडले, आणि ही चूक झाली असं हिचकॉकच पुढे म्हणायचा. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडायची जागाच दिली नव्हती.

---

कात्री_आणि_डिंक

काचेची भिंत माझ्या पार्किंगपेक्षा चांगली आहे. फक्त "चष्मा विसरलोय" हे साहेबांना आठवतं कधी, ते मग दिसत नाही. चालेल. चष्मा टेबलावर राहिल्याचं आपण पाहिलंय, ते कशासाठी परत आले ते प्रेक्षक स्वतः जोडेल. स्वतः जोडलेली गोष्ट त्याला जास्त खरी वाटते.

---

कान_देऊन

संगीताबद्दल. साहेब केबिनमधून परत जाईपर्यंत एक सूरही नको.

रेवा किल्लीला हात लावते आणि व्हायोलिन थरथरू लागतात, ही नेहमीची खोड. धोका अजून आलेलाच नाही, संगीताने मात्र जाहीर करून टाकलं. मग दिवे लागतात तेव्हा त्यांना काही सांगायला उरत नाही.

संगीत वापरायचंच तर त्याला नियम द्या आणि तो पाळा. 'जॉज'मध्ये (१९७५) जॉन विल्यम्सची ती दोन सुरांची धून शार्क खरोखर जवळ असेल तेव्हाच वाजते. पोरं पुठ्ठ्याचं पर लावून पोहणाऱ्यांना घाबरवतात, तेव्हा धून नाही. प्रेक्षक नकळत नियम शिकतो: धून नाही म्हणजे शार्क नाही. आणि मग बोटीवर, पोलीसप्रमुख पाण्यात माशांचं खाद्य फेकत कुरकुरत असताना, शार्क धुनेशिवाय वर येतो. तो दचका नियमामुळे बसतो. नियमच नसता तर ते फक्त मोठं तोंड असतं.

तुमच्या लघुपटात हे किल्ल्यांच्या जुडग्याने होईल. पहिल्या पानावर साहेब चालतात तेव्हा जुडगं वाजतं, ते बोटाभोवती फिरवायची सवय आहे. दुसऱ्यांदा तिसऱ्या पानावर, दाराबाहेरून, माणूस न दाखवता. आता रेवा टेबलाखाली असताना साहेब दाखवायची गरजच नाही. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, जुडगं डावीकडून उजवीकडे जातं, थांबतं. फ्रिट्झ लांगने 'एम'मध्ये (१९३१) बोलपट नवा असतानाच हे करून ठेवलंय. खुनी शीळ घालतो, ग्रीगची एक धून, आणि पुढे एक आंधळा फुगेवाला त्याला त्या शिळेवरूनच ओळखतो. पीटर लॉरेला शीळ जमत नव्हती, पडद्यामागे ती लांगनेच घातली.

शांतता म्हणजे आवाज बंद करणं नव्हे. ट्रॅक पूर्ण शून्यावर आणलात तर प्रेक्षकाला वाटतं स्पीकर गेला. शांतता थरांनी उतरवायची. प्रसंगाच्या सुरुवातीला चार थर: एसीची घरघर, ट्यूबची गुणगुण, वॉटर कूलर, बाहेरची वाहतूक. साहेब निघताना एसी बंद करतात, एक गेला. रेवा केबिनचं दार लावते, वाहतूक दबली. कूलर आपोआप थांबतो, तो क्षण पहिल्या दिव्याच्या तीन-चार सेकंद आधी ठेवा. आता कानाला फक्त ट्यूब आणि कागद. कूलर थांबला हे कुणी "ऐकणार" नाही, पण मान ताठ होईल.

त्यासाठी शूटिंगच्या दिवशी सगळ्यांना गप्प उभं करून रूम टोन (खोलीचा नुसता आवाज) घ्या, एसी चालू असताना एक मिनिट, बंद असताना एक मिनिट. त्या मिनिटात कुणीतरी खुर्ची सरकवतंच, म्हणून दोनदा घ्या. हे राहिलं तर संकलनात प्रत्येक कटला पार्श्वभूमी उडी मारते, आणि ती झाकायला शेवटी संगीतच पसरावं लागतं. अर्ध्या लघुपटांत नको तिथे संगीत असतं त्याचं कारण कला नाही, हे आहे.

हिंमत बांधायला 'रिफिफी' (१९५५) बघा. ज्यूल्स दासँने जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा सुमारे अर्धा तास दाखवलाय, एक शब्द नाही, संगीत नाही. छताला भोक पाडल्यावर त्यातून छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे पडणारा चुरा तिच्यात जमा होतो. आवाज झाला तर काय होईल हे आधी पटवून दिलंय, म्हणून चुऱ्याच्या खड्यालाही वजन येतं.

---

साधा_प्रेक्षक

एकच विनंती. टेबलाखाली असताना रेवाचा फोन वाजू नये. हात जोडतो.

---

कात्री_आणि_डिंक

अनुमोदन. पण फोन नुसता टाळून चालत नाही, प्रेक्षक तिथे वाट बघत बसतो. आत शिरताना तिने तो बंद करून खिशात टाकलेला दाखवा, एक सेकंद. प्रश्न मिटला, आणि ती पूर्वतयारीने आलीय हेही कळलं.

---

अर्धी_पटकथा

काचेची भिंत, जुडगं, फाइलखालचा चष्मा, सगळं घेतोय. पण फोन बंद केला तर पानांचे फोटो कशाने काढणार? आणि शेवटाच्या फसवणुकीचं कुणीच बोललं नाही.

---

दुसरं_वाचन

दोन्हीचं उत्तर एकच आहे. फोटो काढूच नका.

जरा विचार करा: जिला पुरावा नष्ट करायचाय ती त्याचे फोटो का काढेल? फोटो काढणं ही फक्त "साहेबांविरुद्ध पुरावा गोळा करणारी" बाई करेल अशी कृती आहे. म्हणजे ती रेवा करत नाही, लेखक करतोय, आम्हाला चकवायला. त्या दोघांना फसवणूक वाटली ती इथे, त्यांना नेमकं बोट ठेवता आलं नसेल एवढंच. तिने पानं फाइलमधून काढून पिशवीत टाकावीत. पुरावा नेणारीही तेच करेल आणि मिटवणारीही तेच.

ही कसोटी सगळ्या पटकथेला लावा. कागदावर तीन रकाने. पहिल्यात रेवाची प्रत्येक कृती आणि वाक्य. दुसऱ्यात: ती निर्दोष असेल तर हे का करते? तिसऱ्यात: दोषी असेल तर का करते? तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य खोटं आहे, काढा. दुसरा रिकामा राहिला तर शेवट तिथेच फुटलाय. दोन्ही भरले तर तोच तुमचा धागा, वेगळा पेरायची गरज नाही. उदाहरणार्थ ती फोनवर कुणाला तरी म्हणते, "उद्या ऑडिट आहे. आज नाही तर कधीच नाही." पहिल्यांदा ऐकताना: ऑडिटआधी साहेब कागद गायब करतील म्हणून तिला घाई. दुसऱ्यांदा: ऑडिटरच्या हाती पडतील म्हणून घाई. शब्द तेच.

या प्रकारातलं सगळ्यात धाडसी उदाहरण 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४). एका जोडप्याचं चोरून टेप केलेलं एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं, "संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल." सगळा चित्रपट आपण "मारून टाकेल"वर जोर ऐकतो आणि त्या जोडप्याची काळजी करतो. शेवटी जोर "आपल्याला"वर पडतो आणि अर्थ उलटतो: तो आपल्याला मारेल, त्याआधी आपणच... कोपोलाच्या या चित्रपटात ध्वनी सांभाळणाऱ्या वॉल्टर मर्चने शेवटी त्या वाक्याचा वेगळा उच्चारलेला टेक वापरला. काटेकोर न्यायाने पाहिलं तर ही लबाडी आहे. चालून जाते, कारण ऐकणारा नायकच आपल्या अपराधभावातून ऐकत होता असं आपण मान्य करतो.

न चालून गेलेलं उदाहरण हिचकॉकचंच. 'स्टेज फ्राइट' (१९५०) एका फ्लॅशबॅकने सुरू होतो आणि तो फ्लॅशबॅक सांगणाऱ्याने रचलेला निघतो. पात्र खोटं बोललं तर प्रेक्षक माफ करतो, कॅमेरा खोटं बोलला तर नाही. हे करायला नको होतं अशी कबुली त्याने नंतर दिली.

कॅमेऱ्याने खरंच बोलून चकवायचं कसं? 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (१९९१). एफबीआयची तुकडी एका घराला वेढा घालते, एक एजंट फुलं द्यायला आल्याच्या मिषाने बेल दाबतो. आत खुन्याच्या तळघरात घंटा वाजते. तो दार उघडतो, समोर एकटी नायिका क्लॅरिस. तुकडी दुसऱ्याच घरात घुसलीय. जोनाथन डेमीने खोटा असा एकही शॉट दाखवलेला नाही, दोन्ही घरांची बेल खरंच वाजलीय. दोन घरं एकच आहेत हे आपणच धरून चाललो, कारण बेल दाबली आणि घंटा वाजली की ते जोडायची आपल्याला सवय आहे.

धागे किती? १८ मिनिटांना तीन पुरे. कुठे, हे जास्त महत्त्वाचं. प्रसंगाच्या शेवटच्या वाक्यात कधीच नाही, तिथलं सगळ्यांच्या लक्षात राहतं. दुसरं काहीतरी महत्त्वाचं घडत असताना मधोमध. फाइलमधून पानं काढताना रेवा सगळी काढत नाही, निवडून काढते. हा धागा मागे पहिला दिवा लागत असतानाच ठेवा. डोळे दिव्यावर असतील, पण हात दिसलेला असेल. आणि तोच तिचा दोष, शेवटी आठवणारा.

---

घुबड

शेवट शेवटीच का, हेही एकदा विचारा. 'व्हर्टिगो' (१९५८) ज्या फ्रेंच कादंबरीवर बेतलाय तिच्यात रहस्य अखेरीस उलगडतं. हिचकॉकने ते बरंच आधी, ज्यूडीच्या पत्रातून सांगून टाकलं. त्यानंतरचा प्रश्न "ती कोण?" राहत नाही, "त्याला कळेल तेव्हा काय?" असा होतो, आणि तो प्रश्न जास्त छळतो.

रेवा दोषी आहे हे चौथ्या पानावर सांगितलंत तरी केबिनचा प्रसंग पडणार नाही. लोक तिला पकडलं जावं असं म्हणणार नाहीत. 'सायको'मध्ये (१९६०) नॉर्मन गाडी दलदलीत ढकलतो, ती बुडता बुडता मध्येच थांबते, आणि सगळं थिएटर मनात म्हणतं, बुड गं बाई. त्या गाडीत प्रेत आहे! काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाची बाजू आपण आपोआप घेतो, नीती-अनीती नंतर. 'दृश्यम'ची (२०१३) बांधणीही बघा. खून कुणी केला हे जीतू जोसेफ लपवत नाही, प्रेत कुठे आहे एवढंच लपवतो. अख्खं घर गुन्ह्यात सामील असून आपण त्यांच्या बाजूने.

---

अर्धी_पटकथा

हे पचायला वेळ लागेल, पण शेवट सध्या शेवटीच ठेवतो. अभ्यासाला एकेका कौशल्यासाठी एकेक प्रसंग सुचवाल का? पूर्ण यादी नको.

---

कात्री_आणि_डिंक

धोक्याचा नियम कसा शिकवावा: क्लूझोचा 'द वेजेस ऑफ फिअर' (१९५३). जवळपास तासभर ट्रक निघतच नाहीत. मग नायट्रोग्लिसरीनचा एक थेंब जमिनीवर टाकून दाखवतात, स्फोट होतो, आणि त्यानंतर प्रत्येक खड्ड्याला अर्थ येतो. पुढचे अडथळे मोजा: खडबडीत पट्टा, लाकडी फलाट, वाटेतला धोंडा, तेलाचं डबकं. एकही दुसऱ्यासारखा नाही. आमच्याकडे तोच अडथळा तीनदा येतो, फक्त संगीत वाढतं.

वस्तूची पेरणी: कुरोसावाचा 'हाय अँड लो' (१९६३). अपहरण करणारा सांगतो, पैशांच्या बॅगा ७ सेंटीमीटरहून जाड नकोत. विक्षिप्त अट वाटते. मग कळतं, धावत्या ट्रेनच्या बाथरूमची खिडकी तेवढीच उघडते. एक आकडा, दोन प्रसंग, मध्ये काहीही स्पष्टीकरण नाही.

---

कान_देऊन

काहीही न घडता घाबरवणं: फिंचरच्या 'झोडियाक'मधलं (२००७) तळघर. आपण ज्याच्या अक्षराच्या मागावर आहोत ते समोरच्याच माणसाचं आहे असं नायकाला कळतं, आणि तेव्हाच दोघं तळघरात उतरतात. वर फळी करकरते. माणूस विचारतो, वर जाऊन बघायचंय? बस्स. कुणी कुणाला हातही लावत नाही.

आणि श्रीराम राघवनचा 'अंधाधुन' (२०१८), फ्लॅटमधला पियानो. आंधळेपणाचं सोंग घेतलेल्या वादकाला दिसतंय हे आपल्याला माहीत, घरातल्या सिमीला नाही. समोर प्रेत आहे आणि बोटं चालूच ठेवायची आहेत. तुमची रेवा टेबलाखाली लपलीय, हा उघड्यावर बसून लपलाय. तो प्रकार जास्त अवघड.

---

अर्धी_पटकथा

नवा क्रम असा लिहिलाय. साहेब चष्मा विसरून, एसी बंद करून जातात. रेवा फोन बंद करते, वाइड शॉट, किल्ली, ड्रॉवर, फाइल चष्म्यावर. ती पानं निवडून काढून पिशवीत टाकते, मागे तीन दिवे. जुडग्याचा आवाज, ती टेबलाखाली, फाइल वरच. साहेब फाइल उचलतात, खाली चष्मा. तो घेऊन जातात. यात साहेबांना फाइल ओळखू कशी येत नाही?

---

कात्री_आणि_डिंक

चष्म्याशिवाय त्यांना लेबल वाचता येत नाही, तेच तर तुमचं हत्यार आहे. पण ते आधी पेरा: पहिल्या पानावर ते कागद हातभर लांब धरतात आणि वैतागून चष्मा शोधतात. मग केबिनमध्ये: फाइल उचलली, लेबल डोळ्यांपुढे धरलं, धूसर. साहेबांच्या नजरेतून एकच शॉट, फोकस नसलेला. फाइल बाजूला ठेवली, चष्मा हातात. आता खरा ताण, कारण चष्मा डोळ्यांवर चढला की फाइल ओळखू येणार. ते रुमालाने काचा पुसतात, आठ-दहा सेकंद, घाई नको. चढवतात. आणि बघतात मोबाइलकडे, ज्याच्यावरचा मेसेज वाचायला चष्मा हवा होता. मेसेज वाचत वाचत बाहेर.

संकटात योगायोगाने सापडलं तर प्रेक्षक हरकत घेत नाही, सुटका योगायोगाने झाली तर घेतो. इथे सुटका त्यांच्या सवयीतून येते, म्हणून चालेल. दिवे उलट क्रमाने विझू द्या आणि तिसरा विझल्यावरच रेवाला हलू द्या.

---

दुसरं_वाचन

नव्या क्रमात एक गोष्ट राहिलीय. कुंडीखालची किल्ली अजून ड्रॉवरलाच आहे.